गाणे कोणासाठी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने विद्यार्थ्यांस एक चित्रपट दाखविण्याचे ठरविले व तो निवडण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' (2020) हा मराठी चित्रपट निवडला. शास्त्रीय गायनाच्या साधनेत उमेदीची सारी वर्षे घालविणाऱ्या आणि अखेर आपल्या अंगी ती प्रतिभा नाही हे ओळखणाऱ्या एका तरुणाची ही कथा आहे. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि रिवाजाप्रमाणे कोणास काही विचारावयाचे आहे काय, असे आम्ही म्हटले. दिग्रसकडील एका तांड्यावरून आलेली दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उभी राहिली व म्हणाली, "सर, आमच्या तांड्यावर होळीला लेंगी म्हणतात. तेव्हा म्हणणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे सांगता येत नाही. हा माणूस इतकी वर्षे गातो, पण तो गातो कोणासाठी?"

आम्ही त्या वेळी दिलेले उत्तर निव्वळ प्राध्यापकी थाटाचे होते. साधना, परंपरा, आत्मशोध असे तीन-चार भारदस्त शब्द आम्ही उच्चारले. मुलीने विनयाने मान हलविली व ती खाली बसली. तिचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नव्हते. पुढे बरेच दिवस तो प्रश्न आमची पाठ सोडीना. तेव्हा संगीत हाच ज्यांचा प्राण आहे असे जे चित्रपट व अनुबोधपट आम्हांस आजवर प्रिय झाले, त्या सर्वांस तोच प्रश्न एकेक करून विचारावा, असे आम्ही मनाशी ठरविले. त्या खटाटोपातून जे हाती लागले, ते या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे बोलपट बोलू लागला तोच मुळी गात गात. 1931 साली 'आलम आरा' आला, 1932 साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला, आणि तेव्हापासून ज्यात गाणे नाही असा चित्रपट हाच अपवाद ठरला. म्हणून गाणी पुष्कळ असणे हे संगीतप्रधान चित्रपटाचे लक्षण होऊ शकत नाही. लग्नात वाजंत्री असते म्हणून लग्न हा काही संगीताचा जलसा ठरत नाही. जाणकार मंडळी यावर एक कसोटी सांगतात. गाणे काढून घेतले असता कथा मोडून पडते काय, हे पाहावे. मोडत असेल तर तो चित्रपट संगीतप्रधान. ही कसोटी चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. गाण्याला दोन टोके असतात. एका टोकास गाणारा असतो व दुसऱ्या टोकास ऐकणारा. बहुतेक चित्रपट पहिल्या टोकाशी घुटमळतात. गवई कसा घडला, त्याने किती हाल सोसले, त्याला टाळ्या किती पडल्या, एवढेच ते सांगतात. ज्या थोड्या चित्रपटांनी दुसरे टोकही हाती धरले, तेच आमच्या मते टिकले. हा आमचा निष्कर्ष आहे, व तो उदाहरणांनी पटवून देण्याचा आम्ही यत्न करतो.

1935 साली प्रभात कंपनीने 'धर्मात्मा' हा चित्रपट काढला. दिग्दर्शक शांतारामबापू, संगीत मास्तर कृष्णरावांचे, आणि एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. मराठी रंगभूमीवरील सर्वांत लाडका गळा आणि महाराष्ट्रातील सर्वांत कुशल चित्रपटसंस्था यांचा योग जुळून आल्यावर आणखी काय हवे होते? तथापि बालगंधर्वांच्या नाटकांनी जी मोहिनी घातली, ती या चित्रपटास साधली नाही, आणि प्रभातशी त्यांचा संबंध त्या एका चित्रपटानंतर संपला. पुढच्याच वर्षी, 1936 साली, त्याच प्रभातने दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली 'संत तुकाराम' काढला. विष्णुपंत पागनीस हे त्यात तुकाराम झाले. तेही पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. पण त्यांच्या गळ्याला बालगंधर्वांच्या गळ्याशी तोलण्याचे धाडस कोणी केले नसते. असे असूनही तो चित्रपट महाराष्ट्राच्या घराघरांत शिरला, आणि 1937 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही त्याचा गौरव झाला.

असे का व्हावे? आमच्या मते बालगंधर्वांचे गाणे हे अर्धे त्यांचे व अर्धे प्रेक्षागृहाचे होते. वन्समोअर पडला की तेच पद ते नव्या अंगाने फुलवीत. समोरच्या काळोखातून येणारी दाद हा त्यांच्या गाण्याचा दुसरा तंबोराच होता. कॅमेऱ्यापुढे तो तंबोरा नव्हता. कॅमेरा पाहतो, पण 'वाहवा' म्हणत नाही. पागनीसांच्या तुकारामाची गोष्ट निराळी. त्याचा श्रोता चित्रपटाच्या आतच होता. संगीतदिग्दर्शक केशवराव भोळे यांनी चालींना शेतातील वाऱ्याची व चालत्या पावलांची लय दिली, आणि दिग्दर्शकांनी तो अभंग कोण ऐकतो आहे हे प्रत्येक ठिकाणी दाखविले. या चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी रचलेला एक अभंग पुष्कळांनी तुकोबांचाच समजला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. गाणे योग्य श्रोत्यांमध्ये नेऊन बसविले म्हणजे त्याच्या कर्त्याचे नावही गळून पडते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

चित्रपटाच्या आरंभीची योजना पाहावी. तुकाराम विठ्ठलापुढे तल्लीन होऊन गात आहे. लगेच तोच अभंग सालोमालो आपला म्हणून गातो. शब्द तेच. परंतु एकाचे गाणे देवाकडे जाते व दुसऱ्याचे समोर जमलेल्या मंडळींकडे पाहत पाहत निघते. एकही व्याख्यान न देता दिग्दर्शकांनी अवघ्या काही क्षणांत गाण्याचे नीतिशास्त्र सांगून टाकले आहे. आणि त्याहून मोठे धाडस आहे ते जिजाईच्या चित्रणात. गौरीबाईंनी उभी केलेली ती तोंडाळ, कष्टाळू बायको नवऱ्याचे अभंग ऐकते, पण भारून जात नाही. पोरांच्या पोटाचे काय, हा तिचा प्रश्न अभंगाने मिटत नाही, आणि चित्रपटही तो मिटल्याचे सोंग करीत नाही. न भुलणारा श्रोता हाच खरा श्रोता. लहानपणी दूरदर्शनवर हा चित्रपट लागला असता आम्ही शेजारच्या घरी जाऊन पाहिला होता. वैकुंठाचे विमान आले तेव्हा सर्वांनी हात जोडले. आमच्या आजीने मात्र मागे राहिलेल्या जिजाईकडे पाहून डोळ्यांस पदर लावला. समीक्षेचा पहिला धडा आम्हांस तेथे मिळाला, असे आज वाटते.

प्रभातच्याच आणखी दोन चित्रपटांचा येथे उल्लेख केला पाहिजे. 1937 सालच्या 'कुंकू'मध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत घालण्याचेच टाळले. घड्याळाचे ठोके, घरातील वस्तूंचे आवाज, यांवरच सारी भिस्त ठेविली. नाइलाजाने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा त्या घरात गाते, तेव्हा तिच्या आवाजाभोवतीची ती शांतता आपणांस कानाने जाणवते. शांता आपटे यांनी यात लाँगफेलोची एक इंग्रजी कविताही गायिली आहे. ती कविता आम्ही वर्गात अनेकदा शिकविली. आयुष्य निष्फळ स्वप्न मानू नये हा तिचा बोध विद्यार्थी परीक्षेपुरता लिहून टाकतात. नीरेच्या तोंडून ती ऐकताना मात्र ही मुलगी दुसऱ्या कोणास नव्हे, तर स्वतःलाच ऐकवीत आहे असे वाटते. ऐकणारे कोणी नसले म्हणजे माणूस स्वतःचाच श्रोता होतो, व तसे होण्यात कधी कधी बंडाचा आरंभ असतो.

याच्या अगदी उलट टोकाचे गाणे 1939 सालच्या 'माणूस'मध्ये आहे. मैना ही वेश्या आपल्या गिऱ्हाइकांपुढे एकच गाणे भाषा बदलून बदलून गाते. ज्या प्रांताचे गिऱ्हाईक, त्या प्रांताची भाषा. शांता हुबळीकरांनी ते गाणे इतक्या ठसक्याने म्हटले आहे की ऐकणारा खूश होऊन जातो, आणि मग क्षणभराने त्याच्या ध्यानात येते की येथे श्रोता पैसे देऊन गाणे विकत घेत आहे आणि गाणारीला ते पुरते ठाऊक आहे. आपल्या चित्रपटांतील गाण्याच्या बाजारावर इतके मर्मभेदक भाष्य त्या बाजारात बसूनच कोणी केले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

लावणी-तमाशाच्या चित्रपटांची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. 1947 सालच्या 'लोकशाहीर रामजोशी'पासून ती वाहत आली. सोलापूरच्या एका विद्वान ब्राह्मणकुळातील मुलगा घरची अवकृपा पत्करून तमाशाच्या फडात जातो, ही कथा मुळातच श्रोता बदलण्याची कथा आहे. जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांची सवाल-जबाबाची रंगत अद्यापि फिकी झालेली नाही. परंतु या परंपरेतील पुढील पुष्कळ चित्रपटांत फडासमोर बसलेला श्रोता हा केवळ फेटे उडविणारा जमाव होऊन राहिला. त्याला चेहरा उरला नाही, आणि त्याला चेहरा नाही म्हणून नाचणारणीलाही हळूहळू चेहरा उरला नाही.

या पार्श्वभूमीवर 1977 सालच्या 'जैत रे जैत'ची अपूर्वाई उठून दिसते. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, डॉ. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गीते व हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत असा तो योग होता. ठाकरांचा नाग्या ढोल वाजवितो आणि त्या ढोलाने चिंधी वेडी होते. म्हणजे कथेची गाठच ऐकण्याने पडते. यातील समूहगीते अशी बांधली आहेत की निवेदक कोण, पात्र कोण व वाडीची माणसे कोण हा भेद क्षणोक्षणी पुसला जातो. आमच्या विद्यार्थिनीने लेंगीविषयी जे सांगितले त्याच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी चित्रपट हाच होय.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. आमचे काही संगीतज्ञ मित्र म्हणतात की चित्रपट हा रागसंगीताचा वैरीच आहे. जुनी तबकडी सुमारे तीन मिनिटांची. चित्रपटातील गाण्याने तेच माप उचलले, आणि ज्याला फुलावयास तास लागतो त्या रागाचे तीन मिनिटांत लोणचे घातले. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु दोष मापाचा आहे, माध्यमाचा नव्हे. मणि कौल यांचा 'ध्रुपद' (1982) हा अनुबोधपट ज्यांनी पाहिला असेल त्यांस आमचे म्हणणे पटेल. कौल हे स्वतः उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याजवळ ध्रुपद शिकले. उस्तादांचे गुरुकुल आपल्या पनवेलजवळच्या पळस्पे येथे होते. या चित्रपटात कथा नाही, गवयाचे चरित्र नाही. उस्तादांची रुद्रवीणा व त्यांचे बंधू झिया फरीदुद्दीन यांचा आवाज यांच्या गतीने कॅमेरा दगडी इमारतींमधून सावकाश सरकत राहतो. पहिली दहा मिनिटे मन कंटाळा करते; मग कान स्थिरावतात, आणि आपण पाहण्याचे काम सोडून ऐकण्याचे काम करू लागलो आहो हे लक्षात येते. येथे पडद्यावर श्रोता नाही, कारण श्रोत्याची जागा आपल्यासाठी मोकळी ठेविली आहे.

आणि श्रोताच नायक असलेला चित्रपट हवा असेल, तर सत्यजित राय यांचा बंगाली 'जलसाघर' (1958) पाहावा. विश्वंभर राय हा बुडालेला जमीनदार काही गवई नव्हे. तो ऐकणारा आहे. ऐकण्याच्या त्या व्यसनापायी, जलशासाठी तातडीने बोलाविलेली बायको व मुलगा वादळात बुडून मरतात. आणि तरीही शेजारच्या नवश्रीमंताचा तोरा उतरविण्यासाठी तो उरलेसुरले द्रव्य शेवटच्या जलशावर उधळतो. बेगम अख्तर यांचे गाणे व रोशनकुमारीचे नृत्य यात आहे; पण ध्यानात राहतो तो छबी विश्वासांचा ऐकणारा चेहरा. श्रोतेपणातही अहंकार असू शकतो, हे कटू सत्य राय यांनी सांगितले. ते आम्हां मध्यमवर्गीय 'कानसेनां'नी जरूर ऐकण्यासारखे आहे.

आता थोडे आमच्या गावाकडे वळू. यवतमाळसारख्या ठिकाणी मोठ्या गवयाची बैठक ही क्वचित येणारी पर्वणी असते. पुण्या-मुंबईच्या लोकांस जे संगीत रात्रभर गालिच्यावर बसून ऐकावयास मिळाले, ते आमच्यापर्यंत रेडिओ, तबकडी व चित्रपट यांच्याच द्वारे आले. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही 'शकुंतला' नावाने सर्वांच्या ओळखीची अरुंद रुळांची गाडी दारव्हा, कारंजा करीत धापा टाकीत जात असे. ती आता बंद पडली आहे. तिच्या त्या टोकाला, मूर्तिजापूरला, 1920 साली वसंतराव देशपांडे जन्मले. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याजवळ त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. 1935 साली भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन'मध्ये त्यांनी बाळकृष्णाची भूमिका केली. पुढे लाहोरास असद अली खाँ यांच्याकडे ते शिकले, आणि त्यानंतर पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यात त्यांनी वर्षानुवर्षे कारकुनी केली. वऱ्हाडी माणसास त्यांचे नाव घेताना जो अभिमान वाटतो त्यात थोडी हुरहूरही मिसळलेली असते. हा आपला माणूस, पण त्याला ऐकावयास आपण जवळ नव्हतो.

वसंतरावांची कीर्ती ज्या नाटकाने शिखरास पोहोचली ते 'कट्यार काळजात घुसली' (1967) हेही नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. त्यावरून सुबोध भावे यांनी 2015 साली चित्रपट केला व तो अतिशय गाजला. ज्या तरुणांनी नाट्यपद कधी कानांवर येऊ दिले नव्हते, ते ती पदे गुणगुणू लागले, एवढे श्रेय त्यास निःसंशय दिले पाहिजे. यातील गायनाबद्दल महेश काळे यांस राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. असे असता आमचे मन या चित्रपटावर पूर्णपणे जडले नाही, याचे कारण आमच्या कसोटीत आहे. मूळ नाटकाचा गाभा विद्या मिळविण्यासाठी तळमळणारा शिष्य व घराण्याच्या अभिमानाने ती दडवून ठेवणारा गुरू यांच्यामधील आहे. म्हणजे चोरून ऐकण्याची ती कथा आहे. चित्रपटाने वजन टाकले ते जिंकण्या-हरण्यावर. दरबार भरतो, गवई एकमेकांवर ताना फेकतात, कोणीतरी जिंकतो. श्रोता येथे पंच झाला. आणि पंच झालेल्या श्रोत्याला गाणे ऐकू येत नाही, गुण ऐकू येतात. दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धांनी आमच्या मुलांच्या कानांस जी सवय लाविली आहे, तिला या चित्रपटाने विरोध केला नाही, एवढेच आमचे म्हणणे.

निपुण धर्माधिकारी यांचा 'मी वसंतराव' (2022) मात्र आम्हांस फार जवळचा वाटला. सर्व ठिकाणी तो सारखाच सकस आहे असे नाही. काही प्रसंग थोर माणसांच्या भेटीगाठींची यादी वाचल्यासारखे उरकले आहेत. परंतु त्याच्या मुळाशी एक विलक्षण गोष्ट आहे. वसंतरावांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली व गाणेही तेच गायिले. आजोबा 1983 साली वारले तेव्हा हा नातू चार वर्षांचाही नव्हता. म्हणजे आजोबांचे गाणे त्याने शिकले ते आजोबांच्या मांडीवर नव्हे. ध्वनिमुद्रिका ऐकून व ज्यांनी ते ऐकले होते त्यांच्याकडून ऐकून. पडद्यावर आपण जो वसंतराव पाहतो तो मुळात एक श्रोता आहे. कचेरीतील हिशेबाच्या वह्या मिटवून रात्री सूर लावणारा तो कारकून, त्याची करारी आई, आणि आपले गाणे कोणत्याच घराण्याच्या चौकटीत बसत नाही ही त्याची सल, हे सारे म्हणूनच खरे वाटते. 'शकुंतला'च्या या टोकाला बसलेल्या आम्हांस या चित्रपटाने दिलासा दिला. दूर असणे हा ऐकण्याचा अंत नव्हे.

परंतु ऐकणाऱ्याचा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही; कधी कधी तो जीवनमरणाचाही असतो. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (2011) हा अनुबोधपट पाहिल्यावर हे कळून येते. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली, आणि त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धन त्यांच्या गाण्याशी पूर्वीच परिचित होते. या शाहिराने असे का केले, या प्रश्नापासून ते निघाले व चौदा वर्षे चित्रीकरण करीत राहिले. तीन तासांहून लांब असा हा चित्रपट आम्ही एका बैठकीत पाहिला व उठवेना. वस्तीवस्तीतून गाणारी माणसे यात आहेत. त्यांपैकी कित्येकांपाशी धड वाद्यही नाही. ज्यांच्यासाठी गाणे म्हटले तेच मारले गेले तर गाणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न चित्रपट विचारतो, आणि वस्त्यांतील नवी पोरे डफ उचलताना दाखवून त्याचे अर्धे उत्तरही देतो.

त्यानंतर तीन वर्षांनी, 2014 साली, ताम्हाणे यांचा पहिला चित्रपट 'कोर्ट' आला. एका शाहिराचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्या शाहिरास न्यायालयात उभे केले जाते. शाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. 2021 साली त्यांचे निधन झाले. संभाजी भगत यांच्या रचना वस्तीतल्या तात्पुरत्या रंगमंचावर ऐकताना अंगावर काटा येतो, आणि त्याच गाण्याचा विषय न्यायालयाच्या कोंदट खोलीत कलमांच्या भाषेत सपाट सुरात निघतो, तेव्हा दुसऱ्या प्रकारचा काटा येतो. गाण्याचा श्रोता येथे शासन आहे. ते शब्द ऐकते, पण चाल ऐकत नाही. कित्येक वर्षे समीक्षा लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे दृश्य पाहून थोडे ओशाळे व्हावयास हरकत नाही; कवितेची कलमवार फोड आम्हीही करीतच आलो आहो.

अशा रीतीने आम्ही पुन्हा 'द डिसायपल'शी येऊन पोहोचतो. शरद नेरूळकर हा त्यातील नायक रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यांवरून मोटारसायकलीने जाताना कानांत एका दिवंगत गानतपस्विनीची, माईंची, प्रवचने ऐकत असतो. गाणे म्हणजे साधना. त्यासाठी एकाकीपणा व उपासमार पत्करावी लागते, श्रोत्यांच्या अनुनयाच्या मागे लागू नये, अशी ती शिकवण आहे. माईंचा तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे व तो ऐकणाऱ्यास खिळवून ठेवतो. शरद झालेले आदित्य मोडक व त्याचे गुरुजी झालेले अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्षात गायक आहेत. त्यामुळे तंबोऱ्यापासून बैठकीपर्यंत कोठेही खोटेपणाचा वास येत नाही. बैठकीतील रिकाम्या खुर्च्या, गुरुजींच्या औषधांचा खर्च, शिष्याने त्यांचे पाय चेपणे, हे सर्व न ओरडता दाखविले आहे. व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेसाठी या चित्रपटाचा गौरव झाला तो सार्थच आहे.

विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर आम्ही तो पुन्हा पाहिला, आणि प्रथम नजरेतून निसटलेली एक गोष्ट दिसली. शरदला गाणे दिले ते त्याच्या वडिलांनी. ते स्वतः गाण्याने झपाटलेले, पण गवई होऊ न शकलेले गृहस्थ. वडील गेले, राहिले ते माईंच्या ध्वनिफिती. मुलगा पुढे गातो तो एका मेलेल्या माणसाचे ऐकून व दुसऱ्या मेलेल्या माणसासाठी. जिवंत श्रोता त्याने कधी शोधलाच नाही. तसा तो शोधू नये असेच त्याला शिकविले होते. शेवटी आगगाडीच्या डब्यात बायको-मुलीसह बसलेल्या शरदसमोरून एक भिक्षेकरी लोकगीत गात जातो, तेव्हा सारा डबा ते ऐकतो. त्या गवयाला कोणी साधना शिकविली नव्हती. त्याला श्रोते मात्र होते.

येथे एक खाजगी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्हीही अकरा वर्षे गाणे शिकलो. गावातीलच एक मास्तर सायंकाळी घरी येत. आम्ही परीक्षा दिल्या, प्रमाणपत्रे मिळविली, आणि नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तंबोरा गवसणीत बांधून माळ्यावर ठेविला. आपल्या गळ्यात ती जात नाही हे वेळीच उमगले म्हणून आपण गाणे सोडले, असे आम्ही इतकी वर्षे लोकांस व स्वतःस सांगत आलो. त्या दुसऱ्या खेपेस चित्रपट पाहताना मनात सन जुळवून पाहिले. ते वर्ष वडिलांच्या मृत्यूचे होते. आम्ही आत शिकत असता वडील बाहेर ओसरीवर वर्तमानपत्र समोर धरून बसत. तासभर पान मात्र उलटत नसे. त्यांनी कधी शाबास म्हटले नाही की चूक काढली नाही. प्रतिभेच्या अभावी आमचे गाणे सुटले असेलही. पण सुटले त्या वर्षी ओसरी रिकामी झाली होती, एवढे खरे.

तात्पर्य, ऐकणारा हा गाण्याचा उपभोक्ता नव्हे, तो गाण्याचा अर्धा कर्ता आहे. जिजाई, चिंधी, विश्वंभर राय, रमाबाई नगरातील माणसे ही सारी गात नाहीत. पण ती आहेत म्हणून ते ते चित्रपट गातात. जो चित्रपट श्रोत्यास विसरतो, त्यातील गाणे कितीही सुरेल असले तरी ते दुकानाच्या दर्शनी कपाटातील दागिन्यासारखे राहते.

यंदाच्या होळीस त्या विद्यार्थिनीच्या घरचे निमंत्रण आले व आम्ही सहकुटुंब तांड्यावर गेलो. डफ वाजू लागला. आम्हांस मानाने खाटेवर बसविले होते. पण थोड्याच वेळात एका म्हाताऱ्या बाबांनी हातास धरून उठविले व रिंगणात उभे केले. शब्द आम्हांस येत नव्हते. टाळी तेवढी द्यावयाची होती, आणि अकरा वर्षे तालाचे शिक्षण घेतलेल्या आमची ती टाळी दोनदा चुकली. मुलगी समोरून हसत होती. तिला वर्गात द्यावयाचे उत्तर आम्हांस तेथे सापडले. मात्र ते सांगण्याची गरज उरली नव्हती, कारण ते तिला आधीपासूनच ठाऊक होते.